दुसरं लग्न, परदेश आणि लेकराचा ताबा : खान्देशातल्या आईबापांनी कोर्टाची पायरी चढण्याआधी काय करावं

"बाई, लगीन आठ रोजवर शे, पोरना पासपोर्ट तेवढा करी द्या."

अमळनेर तालुक्यातली एक ताई असं म्हणत माझ्यासमोर बसली, तेव्हा तिच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला शंभराचा स्टॅम्प होता. फारकतनामा. त्यावर पाच पंचांच्या सह्या, दोन अंगठे, नोटरीचा गोल शिक्का आणि तळाशी एक ओळ : 'मुलगी आईकडे राहील, वडिलांचा काही संबंध राहणार नाही.' होणारा नवरा दुबईला एसी दुरुस्तीच्या कामावर, महिनाभराच्या सुट्टीत आलेला. मुलगी सात वर्षांची. कागद आहे म्हणजे ताबा आहे, अशी ताईची समजूत. पासपोर्टवाल्यांनी तो कागद परत केला तेव्हा ती माझ्याकडे आली.

तिचं लग्न ठरल्या दिवशी झालं. मुलगी मात्र चौदा महिने आजोळी राहिली आणि रोज संध्याकाळी मामाच्या फोनवर आईला "कधी येशील" विचारत राहिली. कायदा तिच्या विरोधात नव्हता, फक्त कामाचा क्रम चुकला होता. मी जळगाव-धुळ्याकडे कौटुंबिक दावे चालवते, आणि ज्याने कोर्ट आतून पाहिलेलंच नाही अशा आई किंवा बापासाठी तो क्रम इथे लिहिते आहे. आधी मुलाचा कागद, मग मांडव, मग विमानाचं तिकीट.

पहिलं काम : हातातला कागद कसला आहे ते ओळखा

आपल्याकडे अनेक समाजांत पंचांसमोर फारकत किंवा काडीमोड होते, पुढे पाट लागतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 29 ने रूढीने होणारा घटस्फोट पूर्ण मोडीत काढलेला नाही. पण तुमच्या समाजात अशी रूढी खरोखर आहे, जुनी आहे, हे वाद झाल्यावर पुराव्याने सिद्ध करावं लागतं. आणि रूढी सिद्ध झाली तरी मुलाचं काय, हे पंच ठरवू शकत नाहीत. त्या स्टॅम्पवरची ताब्याची ओळ म्हणजे दोघांमधला समझोता. कोर्टाला ती बांधील नाही, परदेशी वकिलातीला तर नाहीच.

म्हणून स्टॅम्पच असेल तर लग्नाची तारीख काढण्याआधी कोर्टात जाऊन घटस्फोट आणि मुलाचा ताबा, दोन्हींचा हुकूम घ्या. समोरचा राजी असेल तर हे सगळ्यात सोपं असतं. आज राजी असलेला माणूस व्हिसाची बातमी कानावर गेल्यावर राजी राहीलच असं नाही, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

कोर्टाची डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा, असेल तर तिची नक्कल काढा आणि संमतीच्या अटी ओळीने वाचा. मूल कोणाकडे, भेटी कधी, गाव किंवा देश सोडण्याबद्दल काही लिहिलं आहे का. घटस्फोट परस्परसंमतीने झाला असेल तर अशी अट घाईघाईत मान्य केलेली असू शकते आणि सही करणाऱ्याला ती आठवतही नाही. डिक्रीवरच्या अपिलाची मुदत संपल्याशिवाय दुसरं लग्न करू नका. तसं केलं तर ताब्याच्या वादात विनाकारण वेगळंच भांडण घुसतं.

दुसरं : तुम्हाला कुठला कायदा लागतो

हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांना हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, 1956 लागतो (अज्ञान म्हणजे 18 वर्षांखालचं मूल). त्यात बाप आधी आणि त्याच्यानंतर आई असा नैसर्गिक पालकांचा क्रम आहे. पण पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं असंही तिथेच लिहिलेलं आहे. 1999 मध्ये गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'बापानंतर' याचा अर्थ 'बाप मेल्यावर' एवढाच नाही असं सांगितलं. बाप मुलाच्या देखभालीत नसेल तर त्याच्या हयातीतही आई नैसर्गिक पालक असू शकते. त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे : सावत्र बाप किंवा सावत्र आई नैसर्गिक पालक नाही. तुमचा नवा जोडीदार कितीही जीव लावणारा असला तरी मुलाच्या कागदावर पालक म्हणून त्याची सही चालत नाही.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपड्याकडच्या भिल्ल, पावरा आणि इतर अनुसूचित जमातींना हा 1956 चा कायदा लागू नाही. मुस्लिम कुटुंबांचा व्यक्तिगत कायदा वेगळा. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत सांभाळण्याचा आईचा हक्क, म्हणजे हिजानत, मान्य आहे. पण आईने परक्याशी निकाह केला तर तो हक्क जातो, असंही म्हटलं जातं. हे ऐकून कित्येक बहिणी कोर्टात न येताच मूल सोडून देतात. तसं करू नका. पालक व पाल्य कायदा, 1890 सर्वांना लागतो. त्याच्या कलम 17 प्रमाणे न्यायाधीश व्यक्तिगत कायदा पाहतात, तसंच मुलाचं हित, वय, स्वभाव आणि सांभाळणाऱ्याची कुवतही पाहतात. प्रत्यक्षात निकाल मुलाच्या हितावर ठरतो.

तिसरं : दावा कुठे लावायचा

जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्यात, नाही तिथे जिल्हा न्यायालयात. कुठल्या जिल्ह्यात, हे तुमच्या राहण्यावर ठरत नाही. मूल साधारणपणे जिथे राहतं ती जागा धरतात, असं 1890 च्या कायद्याचं कलम 9 सांगतं. आपल्याकडे हा मुद्दा फार अडकतो, कारण अर्धं खान्देश पोटापाण्यासाठी सुरत-उधन्याला गेलेलं आहे. आई पोराला घेऊन मे महिन्यात भावाकडे उधन्याला जाते, जूनमध्ये शाळेत नाव घालते, आणि बाप पारोळ्याच्या घराचा पत्ता टाकून जळगावात दावा करतो. मग मूल 'साधारणपणे' कुठलं, यावरच सहा-सहा महिने जातात. शाळेचा बोनाफाईड दाखला, आधारवरचा पत्ता आणि लसीकरणाचं कार्ड हे तीन कागद सुरुवातीलाच जोडा, म्हणजे हा वाद लवकर मिटतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचं अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जातं. कौटुंबिक न्यायालयाच्या पालक व पाल्य कायद्याखालच्या हुकमावर अपिलाला 30 दिवस असतात, हिंदू विवाह कायद्याखालच्या डिक्रीवर 90 दिवस. हुकूम हातात आल्याबरोबर तारीख लिहून ठेवा.

चौथं : न्यायाधीश नेमकं काय पाहतात

माझ्याकडे येणारे बहुतेक जण समोरच्याच्या खोडींची यादी घेऊन येतात. तो पितो, ती मोबाईलवर असते, त्याची आई टोचून बोलते. यातलं जे खरं आणि मुलाला त्रास देणारं आहे ते जरूर सांगा. पण न्यायाधीशांसमोर खरा प्रश्न असतो तो मुलाच्या दिवसाचा. सकाळी त्याला कोण उठवतं? डबा कोण भरतं? ताप आला की दवाखान्यात कोण नेतं? गृहपाठाच्या वहीवर सही कोणाची? हे ज्याला न अडखळता सांगता येतं, आणि ज्याच्याकडे त्याचे कागद आहेत, त्याची बाजू जड होते.

दुसरं लग्न केलं म्हणून आईचा किंवा बापाचा ताबा आपोआप जात नाही. लग्नाने मुलाच्या दिवसात काय बदल झाला, हे मात्र पाहतात. नव्या घरात मुलाला वेगळी झोपायची जागा आहे का, नव्या जोडीदाराची आधीची मुलं आहेत का, दोघं कामावर गेल्यावर मूल कोणाजवळ. म्हणून नव्या जोडीदाराचं प्रतिज्ञापत्र द्या, आणि ते त्याच्या स्वतःच्या शब्दांत असू द्या. मी या मुलाला सांभाळायला तयार आहे, माझी कमाई एवढी, घर एवढं, शाळा ही. बोलावलं तर त्याने कोर्टात उभं राहायची तयारी ठेवावी. महिनाभराच्या सुट्टीत आलेला माणूस तारखेला हजर राहू शकला नाही तर परदेशातून व्हिडिओवर जबाब घेण्यासाठी वकिलामार्फत अर्ज करता येतो.

आता एक गोष्ट जरा कठोरपणे सांगते, कारण यात सगळ्यात जास्त नुकसान मुलाचंच होतं. दुसरं लग्न ठरवताना सोयरे म्हणतात, "पोर आजोळीच राहू द्या, तिकडे बस्तान बसलं की नेऊ." ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. पण ताबा कोर्टाने तुम्हाला दिला आणि मूल वर्षभर मामाकडे राहिलं, तर दुसरा पालक उद्या कोर्टात म्हणतो की, आईकडे मूल नाहीच, मग मलाच द्या. त्यात तथ्य असतं. 2019 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात आईच्या मृत्यूनंतर लेकरू नातेवाइकांकडे होतं. बापाचा हेबियस कॉर्पस अर्ज, म्हणजे बेकायदा ठेवलेल्याला कोर्टापुढे आणा असा अर्ज, उच्च न्यायालयाने मान्य केला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवून मूल त्याच्याकडे दिलं. आजी-आजोबा जीव ओतून वाढवतात, पण आईबाप हयात आणि योग्य असताना आजी-आजोबांचा हक्क कमी पडतो. मूल काही काळ आजोळी ठेवावंच लागलं तर ते किती दिवस, कशासाठी, तुम्ही किती वेळा येऊन गेलात, खर्च कसा पाठवला, याची नोंद ठेवा.

मूल जाणतं असेल तर न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये एकटं बोलतात. त्याला पढवून नेऊ नका. रावेरकडचा आठ वर्षांचा एक मुलगा आठवतो. आईचं दुसरं लग्न झालेलं, तिला त्याला कॅनडाला न्यायचं होतं. वाटेत गाडीत त्याच्याकडून उत्तरं घोकून घेतली होती, हे मला नंतर कळलं. तो आत गेला, बाहेर आला आणि व्हरांड्यातच आईचा पदर ओढून म्हणाला, "मग मना गोऱ्हाले चारा कोन टाकी?" बापाच्या खळ्यात बांधलेलं वासरू त्याच्या डोक्यात होतं. घोकलेल्यातलं काहीच नव्हतं. आईलाही तेव्हाच उमगलं की त्याला बाप नकोसा नाही. दोन्हीकडच्या वकिलांनी बसून उन्हाळ्याची सुट्टी गावी, बापाजवळ, अशी अट लिहिली आणि प्रकरण मिटलं.

पाचवं : परदेशी नेण्याची परवानगी

1890 च्या कायद्याखाली कोर्टाने नेमलेल्या पालकाला कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला हद्दीबाहेर नेता येत नाही, असं कलम 26 सांगतं. तुमचा हुकूम दुसऱ्या कायद्याखालचा असला, किंवा दावा अजून चालू असला, तरी परवानगी मागूनच जा. ताब्याचे हुकूम दगडावरची रेघ नसतात. परिस्थिती बदलली की त्यात बदल मागता येतो.

परदेशाचं नाव काढलं की कोर्ट नाही म्हणतं, हा गैरसमज आहे. 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जाऊ दिलं, बापाच्या भेटीचा हक्क राखून. 2022 मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअर आईला पोलंडमध्ये नोकरी मिळाली होती आणि मुलगी नऊ वर्षांची होती. कौटुंबिक न्यायालयाने नकार दिला, पण मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी दिली. या दोन्ही प्रकरणांत सर्वांना उपयोगी पडणारी गोष्ट हीच, की आई चोरून गेली नाही. तिने आधी विचारलं.

अर्जात काय हवं? तिकडचा पत्ता आणि भाडेकरार, शाळेचं प्रवेशपत्र, नोकरीचं पत्र, आजारपणाचा विमा, मुलाचा व्हिसा कुठल्या प्रकारचा आणि किती काळाचा. आणि या सगळ्याइतकाच महत्त्वाचा, दुसऱ्या पालकाच्या भेटीचा लेखी आराखडा. तो कोर्टाने मागायची वाट पाहू नका, स्वतःहून द्या. माझ्या अनुभवात अर्जाला वजन येतं ते याच पानामुळे.

आराखडा लिहिताना 'सुट्टीत भेट' एवढ्यावर थांबू नका. सुट्टी म्हणजे कुठली? तिकडच्या शाळेला बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये मोठी सुट्टी असते, तर आपल्याकडे बापाला पोर हवं असतं आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), किंवा श्रावणात कानबाईचे रोट असतात आणि सगळी भाऊबंदकी एका घरी जमते तेव्हा. या गोष्टी नावानिशी लिहा. दरवर्षी शक्य नसेल तर एक वर्षाआड लिहा. तिकिटाचा खर्च कोणाचा, मुलाला विमानतळावर घ्यायला कोण येणार, पासपोर्ट कोणाकडे राहणार, परतीचं तिकीट आधी दाखवायचं का. व्हिडिओ कॉलची वेळ भारतीय घड्याळाने ठरवा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, तिथे जमून जातं. कॅनडा-अमेरिकेत मात्र आपली संध्याकाळ म्हणजे त्यांची शाळेची घाई, म्हणून रविवार धरा. फोन उचलला गेला नाही तर बदली वेळ कोणती, तेही लिहा.

कोर्ट हमीपत्र घेईल, कधी अनामत रक्कमही भरायला लावेल. काही वेळा मिरर ऑर्डर मागतात, म्हणजे आपल्या कोर्टाच्या अटी तिकडच्या कोर्टाकडूनही जशाच्या तशा मंजूर करून आणायच्या. ही अट कागदापुरती समजू नका. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केनियातल्या एका बापाकडे मुलगा सोपवताना ती घातली होती. त्यात फसवणूक झाल्याचं दिसल्यावर 2021 मध्ये न्यायालयाने तो निकालच मागे घेतला.

मागे राहणाऱ्या आईला किंवा बापाला

तुमची धास्ती मी समजू शकते, आणि ती खोटी नाही. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबद्दल 1980 चा हेग करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. मूल एकदा बाहेर गेलं की त्या करारातून परत आणण्याची वाट तुम्हाला नाही. तिकडच्या कोर्टात, तिकडचा वकील लावून लढावं लागतं. म्हणून जे करायचं ते विमान उडण्याआधी.

बातमी कानावर येताच संबंधित कोर्टात कॅव्हेट टाका. ती 90 दिवस चालते आणि तुम्हाला कळवल्याशिवाय अर्जावर हुकूम होणं थांबते. दावा चालू असेल तर मुलाला देशाबाहेर नेण्यास तात्पुरती मनाई आणि पासपोर्ट कोर्टात जमा करण्याचा अर्ज द्या. पासपोर्ट कार्यालयाला लेखी हरकत कळवा. सोबत कोर्टाचा हुकूम असेल तर तिला खरं वजन येतं.

शाळेच्या गेटवरून पोराला उचलून आणू नका. तुमच्याकडून असं एकदाच घडलं, तरी पुढे प्रत्येक तारखेला तेच बोललं जाईल.

आणि शांत डोक्याने एक ठरवा : तुम्हाला मूल खरोखर रोज सांभाळायचं आहे, की ते दुरावू नये एवढंच हवं आहे? दुसरं असेल तर पूर्ण ताब्यासाठी तीन वर्षं भांडण्यापेक्षा भरपूर आणि नेमक्या भेटी मागा. त्या मिळतात. बापाचं दुसरं लग्न झालं असेल तर त्याने आपल्या घरी मुलाची सोय काय, हे तितक्याच तपशिलाने सांगावं. कोर्ट त्यालाही तेच विचारतं.

पासपोर्ट आणि व्हिसा

अज्ञान मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांच्या सह्यांचं परिशिष्ट डी लागतं. एकाची संमती मिळत नसेल तर परिशिष्ट सी आहे. त्यात कारण आणि ताब्याची खरी स्थिती लिहावी लागते, सोबत हुकमाची नक्कल. दावा चालू असेल तर तो लपवू नका. पासपोर्टच्या अर्जात खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, आणि मुलाच्या ताब्याच्या प्रकरणात तो पुढे तुमच्यावरच उलटतो.

व्हिसासाठी प्रत्येक देशाचा कागद निराळा. कॅनडा सोबत न येणाऱ्या पालकाचं घोषणापत्र मागतो, ऑस्ट्रेलियात संमतीचा फॉर्म 1229 आहे. ब्रिटनमध्ये मुलाची पूर्ण जबाबदारी एकट्या पालकानेच घेतली आहे, हे दाखवावं लागू शकतं. अमेरिकेत सावत्र मूल म्हणून अर्ज करायचा तर ते लग्न मूल 18 वर्षांचं होण्याआधी झालेलं हवं. संमती नसेल तिथे कोर्टाचा हुकूम चालतो, म्हणून हुकमात 'अमुक देशात नेण्यास परवानगी' असे शब्द स्पष्ट येऊ द्या. नुसतं 'ताबा आईकडे' पुरेलच असं नाही.

नाव, दत्तक, खर्च

नव्या नवऱ्याचं नाव लावायची घाई करू नका. जन्मदाता बाप हयात असेल तर दत्तकासाठी त्याची संमती साधारणपणे लागते, आणि शाळेच्या रजिस्टरात गुपचूप बदललेलं नाव वादात नेमकं तुमच्याविरुद्ध दाखवलं जातं. आईने दुसरं लग्न केलं की तिची स्वतःची पोटगी थांबते, मुलाची नाही. बापाचं देणं चालूच राहतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. महिला आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींच्या पुरुषांनाही उत्पन्न न पाहता मिळतो, बाकीच्या पुरुषांना साधारणपणे उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते, आणि 15100 वर फोन करता येतो.

निघण्याच्या आधी

हुकूम झाला की प्रमाणित नकला किमान चार काढा : एक पासपोर्टला, एक व्हिसाला, एक विमानतळावर जवळ ठेवायला, एक माहेरी किंवा भावाकडे. हुकूम मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या. शाळेचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याची फाईल हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या नाही.

मुलाला निघायच्या आदल्या रात्री सांगू नका. महिनाभर आधी सांगा, आणि शक्य असेल तर दोघांनी एकत्र बसून. तिकडे कुठली खोली, कुठली शाळा, आणि पहिला व्हिडिओ कॉल कोणत्या रविवारी किती वाजता, हे त्याला माहीत असू द्या. अमळनेरच्या त्या ताईच्या मुलीने दुबईला निघताना ती वेळ स्वतःच्या हाताने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतली होती : रविवार, सकाळी साडेदहा, पप्पा.